गळ्यावर चढलेली बंदिश

ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) आपल्या वडिलांकडे, शंकरराव पंडितांकडे शिकले. ही तालीम वहीत उतरवून घेण्याची नव्हे, गुरूसमोर बसून घोटण्याची. नवी बंदिश लक्षात ठेवायला मेंदूतील हिप्पोकॅम्पस लागतो. तीच शेकडो वेळा घोटली, की गळ्याची सफाई बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू यांच्या हवाली होते. मग तान घेताना स्वर आठवत बसावे लागत नाहीत.

भावनेचा शिक्का मारतो मेंदूतलाच अमिग्डाला. मन हलवणाऱ्या प्रसंगाची आठवण त्याच्यामुळे पक्की होते. गुरूची शाबासकी, आणि बोलणीही, जन्मभर विसरली जात नाहीत ती यामुळेच.

समेची, म्हणजे तालाच्या आवर्तनातल्या पहिल्या मात्रेची वाट पाहण्याची, गंमत आणखी निराळी. आवडत्या संगीतातील उत्कट क्षणाच्या आधी, नुसत्या प्रतीक्षेतही मेंदूत डोपामिन स्रवते, असे माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. तिलवाडा तालातला विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको!

अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसला लवकर झळ पोचते. तरीही घरच्यांची नावे विसरलेली व्यक्ती कित्येकदा लहानपणचे गाणे बिनचूक म्हणते.