मोजणे आणि मानणे

भूगर्भातील पाणी सातबाऱ्याच्या हद्दी मानीत नाही. एकाने विंधन विहीर खोल नेली की शेजाऱ्याची विहीर आटते. म्हणूनच कमी पावसाच्या वर्षी आपल्या शेतात काय पेरावे, हा प्रश्न केवळ खासगी राहत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तो ग्रामसभेपुढे आणला. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली बदललेल्या या गावात पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यावरून पिके ठरविण्याची रीत रुजली. शेतीसाठी विंधन विहीर घेण्यासही गावाने मनाई केली. पुढे २०१८ मध्ये १५ जिल्ह्यांत सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने असा ताळेबंद संगणकाच्या आधारे गावोगावी नेला.

गणित कितीही अचूक झाले, तरी प्रश्न सुटतो काय? तूट किती, हे यंत्र सांगेल; ती कोणी सोसावी, हे सांगणार नाही. दुरून आलेला आकडा ही माहिती असते. शेजाऱ्यांसमक्ष मान्य केलेला आकडा वचन होतो. मात्र त्या सभेत विहीर नसलेल्याला बोलता आले नाही, तर सारी तूट त्याच्याच घागरीत उतरते. म्हणून ताळेबंद बरोबर आहे की नाही, इतकेच पाहून भागत नाही. तो कोणाकोणासमोर वाचला गेला, हेही पाहावे लागते.