निनावी खबर आणि आपली अमानत

कुरआनमध्ये हजरत मूसा (अलै.) यांच्या तारुण्यातला एक प्रसंग आहे. त्यांच्या हातून मिसरमधला एक माणूस मारला गेला होता आणि दरबारचे सरदार त्यांना ठार करण्याची मसलत करीत होते. अशा वेळी शहराच्या दूरच्या टोकाकडून एक माणूस धावत आला. त्याने ती मसलत मूसांच्या कानावर घातली आणि शहर सोडून जाण्याचा सल्ला दिला. मूसा निघाले आणि मदयनला पोहोचले. तो माणूस कोण होता? सूरह कससमध्ये त्याचे नाव नाही. सूरह मोमिनमध्ये असाच आणखी एक जण भेटतो. तो फिरऔनच्याच घराण्यातला, पण आपले ईमान लपवून राहिलेला. मूसांच्या हत्येची गोष्ट निघते तेव्हा तो भर दरबारात बोलतो. त्याचेही नाव कुरआन सांगत नाही. सूरहला मात्र त्याच्यावरून नाव मिळाले आहे.

हे प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण सत्तेच्या आतल्या गोटातून बाहेर येणाऱ्या निनावी बातमीचे आपण काय करावे, हा आजचा प्रश्न त्यांच्याशी जोडून पाहण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही.

याला कारण आहे. आपली परंपरा नावाला फार महत्त्व देते. हदीस स्वीकारताना ती कुणी कुणाकडून ऐकली याची साखळी तपासली गेली. सांगणाऱ्यांच्या चारित्र्याची छाननी करणारे अस्मा-उर-रिजाल हे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. जो कोण हे ठाऊक नाही तो ‘मजहूल’, आणि त्याचे सांगणे दुबळे. काझीपुढे उभा राहणारा साक्षीदारही माहितीचा आणि भरवशाचा हवा. तेव्हा ज्याला स्वतःचे नाव सांगायची हिंमत नाही त्याचे का ऐकावे, असे आपले वडीलधारे विचारतात. हा प्रश्न चुकीचा नाही.

निनावी बोलण्याने काय होते, हे आपण सोसलेही आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात स्फोट झाले. त्यात बहुतेक आपलीच माणसे गेली आणि पोलिसांनी धरलेले नऊ जणही आपलेच होते. त्यांना विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ साली. त्या काळात अशा प्रत्येक अटकेनंतर वर्तमानपत्रांत ‘सूत्रांकडून समजते’ असा मजकूर येई, आणि शेजारीपाजारी तोच निकाल मानून मोकळे होत. त्या सूत्रांना पुढे कुणी जाब विचारला?

मग निनावी बातमी सरसकट फेकून द्यावी काय? सूरह हुजुरात वेगळे शिकवते. फासिक माणसाने बातमी आणली तर शहानिशा करा, नाहीतर अजाणता कुणाला इजा कराल आणि पस्तावाल, असा तिचा आशय आहे. बातमी मान्य करा असे तिथे म्हटलेले नाही, आणि कानाआड करा असेही म्हटलेले नाही.

अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणात ही गोष्ट स्पष्ट दिसते. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे बातमीदार बॉब वुडवर्ड यांना एक बडा अधिकारी रात्री भूमिगत वाहनतळात भेटून, तपास कुठल्या दिशेने करावा ते सुचवीत असे. त्याचे नाव वर्तमानपत्राने ३३ वर्षे उघड केले नाही. अखेर २००५ साली ९१ वर्षांच्या मार्क फेल्ट यांनी स्वतःच ते सांगितले. ते तेव्हा एफबीआयचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते.

फेल्ट काही वली नव्हते. १९७२ साली एफबीआयचे प्रमुखपद त्यांना डावलून बाहेरच्या माणसाला मिळाले होते. त्याचा राग त्यांच्या मनात होता, असे अनेकांनी लिहिले आहे. शिवाय सरकारविरोधी गटाच्या शोधात लोकांच्या घरांत बेकायदा शिरण्यास मंजुरी दिल्याबद्दल १९८० साली ते स्वतः दोषी ठरले. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना माफी दिली. मग त्यांनी दिलेली खबर नापाक ठरली काय? नाही. कारण अध्यक्ष निक्सन यांना ऑगस्ट १९७४ मध्ये पायउतार व्हावे लागले ते फेल्ट यांच्या शब्दावरून नव्हे. न्यायालयाने आणि सिनेटच्या समितीने चौकशी केली, निक्सन यांच्याच कार्यालयातल्या ध्वनिफिती बाहेर आल्या, त्यावरून.

खबर आणि गवाही यांत हा फरक आहे. निनावी शब्द कुठे पाहावे ते दाखवतो, गुन्हा शाबीत करत नाही. मालेगावच्या वेळी लोकांनी खबरीलाच गवाही मानले. आणखीही एक फरक आहे. सत्ताधाऱ्यांविरुद्ध बोलणारा नाव लपवतो तो जिवाच्या आणि भाकरीच्या भीतीने. बेड्या पडलेल्या पोराविरुद्ध बोलणारा अधिकारी नाव लपवतो तो जबाबदारी टाळण्यासाठी. दोघांना एकच माप लावणे हा इन्साफ नव्हे.

कुणी म्हणेल, इस्लाम तर दुसऱ्याच्या ऐबांवर पडदा टाकायला सांगतो. खरे आहे. पण ती पर्दापोशी माणसाच्या खाजगी चुकांची आहे. बैतुलमाल सगळ्यांचा असतो. त्यातली चोरी झाकणे म्हणजे सगळ्यांशी खियानत करणे.

राहिला प्रश्न ऐकणाऱ्याच्या कर्तव्याचा. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावरील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ साली पंतप्रधानांना पत्र लिहून त्या कामातला गैरव्यवहार कळवला आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. तरी ते पत्र नावासकट टेबलाटेबलांवर फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया शहरात त्यांना गोळी घालण्यात आली. सीबीआयने हा लुटीसाठी झालेला खून ठरवला आणि २०१० साली तिघांना शिक्षाही झाली. तो निष्कर्ष मानला तरी एक दोष उरतोच. विश्वासाने सोपवलेले नाव ही अमानत होती, आणि ती सांभाळली गेली नाही. पुढे २०१४ साली अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला. दहा वर्षे उलटली तरी तो लागू झाला नव्हता. त्या कायद्यातही निनावी तक्रारीची दखल घेण्याची सोय नाही.

म्हणजे नाव सांगितल्याशिवाय ऐकायचे नाही, आणि सांगितले तर राखायचे नाही. मग आतल्या माणसाने करावे तरी काय? त्याच्या भित्रेपणाला बोल लावण्याआधी आपण स्वतःला विचारावे. आपल्या मोहल्ल्यातल्या ट्रस्टचा, मदरशाचा, वक्फच्या जमिनीचा हिशेब एखादा कारकून उद्या गुपचूप आपल्याकडे घेऊन आला, तर आपण आधी काय शोधणार? तो हिशेब खरा की खोटा ते, की तो आणणारा कोण ते?

धावत आलेल्या त्या माणसाचे नाव कुरआनने सांगितले नाही. त्यावाचून आपले काही अडलेही नाही. अल्लाहला ते माहीत आहे. त्याच्या हिशेबात ते लिहिले गेले, एवढे पुरे आहे.