शेजाराचा वाटा

सधनांसाठी घरे उठत असता त्यांतील काही भाग गरिबांसाठी राखण्याची सक्ती करणे न्याय्य आहे काय? मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न आता केवळ कायद्याचा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०१३ साली मोठ्या शहरांतील ४००० चौरस मीटर वा अधिक क्षेत्राच्या भूखंडांवर २० टक्के वाटा दुर्बल व अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवण्याचा नियम केला, तेव्हापासून वाद चालूच आहे.

आक्षेपकांचे म्हणणे असे की, हा दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म होय. बांधणारा आपला तोटा इतर गिऱ्हाइकांवर लादील, नाही तर बांधणेच सोडील. मग घरे वाढावयाच्या ऐवजी घटतील. हा आक्षेप पोकळ नाही. ओझे फार झाले की बैल खाली बसतो, हे कोण नाकारील?

परंतु ‘दान’ हा शब्दच आम्हांस येथे अप्रस्तुत वाटतो. घाटकोपर, अंधेरी, वर्सोवा जोडणारी मेट्रो २०१४ साली सुरू झाली. अशा सोयींनी जमिनीचे मोल चढते, ते मालकाच्या घामाने काय? हेन्री जॉर्ज याने १८७९ साली आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला होता. समाजाने वाढविलेल्या मोलाचा अंश समाजास परत करणे ही ऋणफेड होय.

ऋण विसरणे मात्र सोपे असते. पवईची जमीन १९८६ च्या करारान्वये नाममात्र भाड्याने दिली गेली, ती ४० व ८० चौरस मीटरांची घरे बांधण्याच्या अटीवर. उभी राहिली ती धनिकांची वसाहत. आणि आधी लहान घरे बांधा, असे २०१२ साली उच्च न्यायालयास बजावावे लागले.

पण सारा दोष बांधणाऱ्याच्या माथी मारून आम्ही मध्यमवर्गीय मोकळे होऊ काय? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने आमच्या वडिलांची बिऱ्हाडे टिकली. म्हाडाच्या सोडतीत नाव यावे म्हणून आम्ही देव पाण्यात ठेवले. तेव्हा ती आम्हांस भीक वाटली नाही. आज मुलुंड-बोरिवलीस स्वतःचे घर झाल्यावर, त्याच आवारात मोलकरणीचेही बिऱ्हाड येणार म्हटले की आम्ही मध्ये भिंत मागतो!

वाटा किती असावा, याचा हिशेब जाणत्यांनी करावा आणि तो पेलेल इतकाच ठेवावा. पण जिच्या हातची भाकरी चालते तिचा शेजार का चालत नाही, याचे उत्तर आमचे आम्हांसच द्यावयाचे आहे.