शोकातले घर आणि लहान मुले

घरात मृत्यू झाला की पहिल्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो, मोठ्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. पण घरात तीन-चार वर्षांचे मूल असेल तर त्याला भूक वेळेवर लागतेच. त्याला भरवावे लागते, आंघोळ घालावी लागते, दुपारी थोपटून निजवावे लागते. मोठ्यांपैकी ज्याची आई गेली आहे त्याला या कामांचे ओझे होते आणि तसे ते होणे अगदी रास्त आहे. तरीही या कामांसाठीच तो अंथरुणातून उठतो आणि मुलाला भरवता भरवता स्वतःही दोन घास खातो. शोकात मुलांविषयी वाटणारी कृतज्ञता बहुधा अशी, नकळत सुरू होते.

मुलांचे दुःख मोठ्यांसारखे सलग नसते. ‘आजी कधी येणार?’ असे विचारून मूल रडवेले होते आणि पाचच मिनिटांत गाडी घेऊन खेळू लागते. याचा अर्थ त्याला काही वाटत नाही असा नव्हे. हंगेरीतील मुलांच्या मृत्यूविषयक कल्पनांचा मारिया नॉज यांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालील मुले मृत्यूला कायमचा शेवट मानत नाहीत, असे त्यांना आढळले. म्हणूनच ‘देवाघरी गेली’ हे उत्तर मुलाला पत्त्यासारखे वाटते आणि तेही तिकडे जायचा हट्ट धरते. ‘झोपली’ म्हटले तर त्याला स्वतःच्या झोपेचीच भीती बसू शकते. आजीचे शरीर बंद पडले, ती आता परत येणार नाही, हे साध्या शब्दांत आणि लागेल तितक्या वेळा सांगणेच बरे. तेच उत्तर पुन्हा पुन्हा देणे जिवावर येते. पण भेटायला येणारी मोठी माणसे ज्या गोष्टीला बगल देतात, ती मूल उघड बोलते आणि गेलेल्या माणसाचे नाव घरात चालते राहते.

हसावे की नाही, हा अशा घरातला मोठा पेच. सुतकात मुलाच्या एखाद्या बोलण्यावर हसू फुटले की लगेच अपराधी वाटते. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाचे मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार इथे फार मोलाचा आहे. त्यांच्या मते शोक करणारा माणूस कधी हानीला सामोरा जातो, कधी बदललेल्या आयुष्याच्या कामांकडे वळतो; हे येणे-जाणे सावरण्याचाच भाग असते. लहान मुलांच्या सहवासात ते आपोआप घडते, म्हणून त्या हसण्याने गेलेल्याचा अवमान होत नाही.

मात्र कृतज्ञता कुणी कुणावर लादू नये. ‘मुलांकडे बघ आणि सावर’ असे भेटायला येणारे म्हणतात. त्यामागे माया असते, पण त्या वाक्याने मुलाला औषध करून टाकले जाते. आईला हसवणे आपलेच काम आहे असे चार वर्षांच्या जिवाला वाटू लागते. तो रडू गिळतो, शहाण्यासारखा वागतो आणि लोक त्याचे कौतुक करतात. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या २००३ मधील प्रयोगांत कृतज्ञतेच्या नोंदी ठेवणाऱ्यांना अधिक समाधान वाटले, हे खरे. पण त्यांत विद्यार्थी आणि स्नायू-मज्जातंतूंचे विकार असलेले रुग्ण होते; नुकतेच माणूस गमावलेल्यांसाठी तो उतारा म्हणून देता येणार नाही. मुलांसमोर मोठ्यांनी रडायलाही हरकत नाही, फक्त का रडू येते आहे ते त्यांना सांगावे.

पुढे महिने लोटतात, दहावा-तेरावा मागे पडतो. मुलाला आजीसारखीच, तूप-साखर लावून गुंडाळलेली पोळी हवी असते. ‘आजी टोक दुमडायची’, असे ते बजावते, कारण टोक उघडे राहिले तर तूप हातावर ओघळते. आईने हे कधी पाहिलेलेही नसते, ती त्या वेळी कामावर असायची. गेलेल्या व्यक्तीशी नाते तोडण्याऐवजी ते वेगळ्या रूपात जपणे स्वाभाविक आहे, हा विचार डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांच्या १९९६ मधील ग्रंथाने शोकाच्या अभ्यासात रुजवला. घरात हे काम पुष्कळदा मुलेच करतात. आपल्या आईची एक अनोळखी बाजू त्या आईला तिच्याच मुलाकडून कळते. त्यातून वाटणाऱ्या कृतज्ञतेत दुःख तसेच असते, कमी झालेले नसते.