आजी-आजोबांचे देणे कोणी फेडायचे?



पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली जुलै महिन्याचा चौथा रविवार ‘आजी-आजोबा आणि वृद्धजनांचा जागतिक दिन’ म्हणून ठरवून दिला. प्रभू येशूचे आजी-आजोबा संत योआकिम आणि संत आन्ना ह्यांचा सण २६ जुलैला येतो, त्याच्या शेजारीच हा रविवार. ह्या दिवशी पुष्कळ चर्चमध्ये वृद्धांना पुढच्या बाकांवर बसवतात, फुले देतात, प्रवचनात त्यांच्या त्यागाची आठवण करतात. हे सारे योग्यच आहे. परंतु त्या फुलांखाली एक अवघड प्रश्न झाकला जातो. म्हातारपणी माणसाला सांभाळण्याची जबाबदारी नक्की कोणाची? मुलांची की समाजाची? आणि ज्याला मुलेच नाहीत, किंवा ज्याच्या मुलांच्या हाती पैसा नाही, त्याने कोणाकडे पाहायचे?

हा प्रश्न आज युरोपच्या दाराशी येऊन ठाकला आहे. इटलीत दर चार माणसांमागे जवळजवळ एक जण पासष्टीच्या पुढचा आहे. २०२४ साली तेथे एका स्त्रीमागे सरासरी १.१८ मुले होती. एकेका नातवामागे चार-चार आजी-आजोबा असे चित्र तेथील कित्येक घरांत दिसते. लहानपणी त्या नातवाचे लाड करायला चौघे असतात, आणि तो मोठा झाला की चौघांकडे बघायला तो एकटा असतो.

२००३ सालच्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये भयंकर उष्णतेची लाट आली. नेहमीपेक्षा सुमारे पंधरा हजार माणसे जास्त दगावली. त्यांतील बहुतेक जण वृद्ध होते. पॅरिसमध्ये ५७ मृतदेह घ्यायला कोणीही आले नाही. ३ सप्टेंबर रोजी तियेच्या कबरस्तानात त्यांना मूठमाती देण्यात आली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जाक शिराक स्वतः हजर राहिले. त्या दिवसांत आईबापांना मागे ठेवून सुट्टीवर गेलेल्या मुलांना लोकांनी खूप दोष दिला. नंतर अभ्यासकांनी तपास केला तेव्हा चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. कित्येकांचा मृत्यू वृद्धाश्रमांत आणि इस्पितळांत झाला होता. घरी दगावलेल्यांमध्ये अंथरुणाला खिळलेले आणि थेट छपराखालच्या, तापणाऱ्या खोल्यांत राहणारे यांना धोका सर्वांत जास्त होता. म्हणजे प्रश्न मायेच्या आटण्याचा होता तसाच तो घराच्या छपराचाही होता. ज्याची खोली थंड, त्याची म्हातारी आई एकटी असूनही वाचू शकत होती.

ह्या दुर्घटनेनंतर फ्रान्सच्या संसदेने २००४ मध्ये एक कायदा केला. पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणानंतरचा सोमवार तेथे सुट्टीचा दिवस असे. नव्या कायद्याने त्या दिवशी कामगारांनी वेगळा पगार न घेता काम करायचे, आणि त्याबद्दल मालकांनी एकूण पगाराच्या ०.३ टक्के रक्कम वृद्ध व अपंगांच्या निधीत भरायची असे ठरले. लोकांनी कुरकुर केली, संप झाले, आणि २००८ पासून तो दिवस कोणता असावा हे ठरवण्याची मोकळीक मिळाली. पण निधी राहिला. त्याच्या आधी जर्मनीने असेच पाऊल उचलले होते. १९९५ साली तेथे वृद्धापकाळातील शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू झाला. मालकांवर पडणारा भार भरून काढण्यासाठी प्रॉटेस्टंट बांधवांच्या ‘पश्चात्ताप व प्रार्थना दिना’ची सुट्टी रद्द करण्यात आली. फक्त सॅक्सनी प्रांताने ती राखली, आणि त्या बदल्यात तेथील कामगार विम्याचा जास्त हप्ता भरतात.

हे वाचताना मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय आठवतो. आपली मालमत्ता ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केली, असे जाहीर केले की मुलगा आईबापांना मदत करण्यातून सुटत असे. शास्त्र्यांच्या ह्या पळवाटेवर प्रभू येशूने कडक शब्दांत बोट ठेवले. देवाचे नाव पुढे करून आईबापांना उपाशी ठेवता येत नाही, हे त्याने बजावले. फ्रान्स आणि जर्मनीने जे केले ते ‘कुर्बान’च्या नेमके उलटे झाले. देवाच्या नावाने राखलेला दिवस त्यांनी म्हाताऱ्यांच्या ओंजळीत टाकला. सण गेला म्हणून आपल्याला हळहळ वाटेल, पण चौथ्या आज्ञेचा मान त्यात काही प्रमाणात राखला गेला, हे नाकारता येणार नाही.

येथे कोणी विचारील, आईबापांचा मान राखण्याची आज्ञा देवाने मुलांना दिली आहे, सरकारला नाही. सरकारने भार उचलला की मुले हात झटकणार नाहीत का? शंका रास्त आहे, म्हणून तिचा शांतपणे विचार करू.

युरोपमधल्या दहा देशांतील पन्नाशीपुढच्या लोकांची २००४ च्या सुमारास पाहणी झाली. नातवंडे असलेल्या आज्यांपैकी सुमारे ५८ टक्के आणि आजोबांपैकी सुमारे ४९ टक्के जणांनी वर्षभरात कधी ना कधी नातवंडांना सांभाळले होते. गंमत अशी की डेन्मार्क आणि स्वीडन ह्या देशांत, जेथे पाळणाघरे आणि वृद्धसेवा सरकार पुरवते, तेथे नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचे प्रमाण जास्त निघाले. इटली, स्पेन, ग्रीस येथे ते कमी होते. मात्र दक्षिणेकडील ज्या आज्या सांभाळत होत्या, त्या जवळजवळ रोज आणि दिवसभर सांभाळत होत्या. उत्तरेकडची आजी शुक्रवारी नातीला शाळेतून आणते, तिला गोष्ट सांगते आणि संध्याकाळी परत सोडते. दक्षिणेकडच्या आजीने नात सांभाळली नाही तर सुनेची किंवा लेकीची नोकरीच जाते. स्पेनमधील एका हृदयरोगतज्ज्ञाने अशा राबून आजारी पडणाऱ्या स्त्रियांच्या दुखण्याला ‘गुलाम आजी’चे दुखणे असे नाव दिले होते. २००८ नंतरच्या मंदीत त्याच स्पेनमध्ये कित्येक बेकार मुलांचे संसार आजी-आजोबांच्या पेन्शनवर चालले.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. समाजाने ओझे वाटून घेतले तर नाते तुटतेच असे नाही. कधीकधी त्यामुळेच नात्याला मोकळा श्वास मिळतो. आणि जेथे सारा भार कुटुंबावरच टाकला जातो, तेथे तो सर्व कुटुंबांवर सारखा पडत नाही. पैसेवाला माणूस दाई ठेवतो, नर्स ठेवतो. गरिबाच्या घरी मोठी लेक नोकरी सोडते किंवा आजी गुडघेदुखी विसरून पुन्हा कामाला लागते. त्यातच इटलीत २०१९ पासून पेन्शनचे वय ६७ झाले आहे. जी आजी अजून इस्पितळात फरशी पुसते आहे, तिने नातू कोणत्या वेळात सांभाळायचा?

इटलीतील मध्यमवर्गाने ह्यावर वेगळीच वाट काढली. दुसऱ्यावाचून ज्यांचे चालत नाही अशा माणसांना सरकार दरमहा पाचशे युरोंच्या वर भत्ता देते. त्याला उत्पन्नाची अट नाही. त्यात स्वतःची भर घालून कुटुंबे घरी एक बाई ठेवतात. तिला ‘बादान्ते’ म्हणतात, म्हणजे लक्ष ठेवणारी. ही बाई बहुधा युक्रेन, मोल्डोवा, रुमानिया, पेरू किंवा फिलिपाइन्सची असते. २००२ साली सरकारने विनापरवाना कामगारांना कायदेशीर करून घेतले, तेव्हा साडेसहा लाखांच्या आसपास माणसे पुढे आली आणि त्यांतील जवळजवळ निम्मी घरकाम व वृद्धसेवा करणारी निघाली. ती म्हाताऱ्याला न्हाऊ घालते, भरवते, रात्री उठून औषध देते. रविवारी दुपारी मिळालेल्या सुट्टीत बागेच्या बाकावर बसून ती गावी फोन करते.

त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण असते? तिची मुले आणि त्यांना सांभाळणारी तिची म्हातारी आई. एका देशाच्या आजीची सेवा व्हावी म्हणून दुसऱ्या देशाच्या आजीवर उतारवयात पुन्हा आई होण्याची पाळी येते. तिला न्हाऊ घालायला मात्र कोणी नसते. घरापासून वर्षानुवर्षे तुटलेल्या अशा स्त्रिया परतल्यावर खिन्नतेने ग्रासलेल्या आढळल्या, म्हणून २००५ साली युक्रेनमधील दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्या आजाराला ‘इटली सिंड्रोम’ असे नाव दिले. युरोपमधील कित्येक घरांतील वृद्धांची शांत झोप ह्या स्त्रियांच्या जागरणावर उभी आहे.

पवित्र शास्त्राला ही विषमता अनोळखी नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा काढून पाहा. आद्य ख्रिस्तसभेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषिक विधवांची आबाळ होत होती. त्या परक्या भाषेच्या, त्यांच्या बाजूने बोलणारे कमी. तक्रार आल्यावर प्रेषितांनी त्या विधवांना मुलांकडे जा म्हणून सांगितले नाही, किंवा नुसती प्रार्थना करा असेही म्हटले नाही. त्यांनी समुदायाला सात जण निवडायला सांगितले, त्यांच्यावर हात ठेवले आणि वाटपाची नीट व्यवस्था लावली. म्हातारपणाचा न्याय व्यवस्थेने करायचा असतो, हे ख्रिस्तसभा आपल्या पहिल्याच वर्षांत शिकली. त्याच वेळी संत पौलाने तिमथ्याला लिहिताना मुला-नातवंडांनी आधी आपल्या घरच्यांचे ऋण फेडावे असेही सांगितले. दोन्ही शिकवणी एकाच ग्रंथात आहेत आणि एकीचा आधार घेऊन दुसरी खोडता येत नाही.

जर्मनीत एक नियम होता. म्हातारी आई शुश्रूषेचा खर्च भागवू शकली नाही तर सरकार मुलांकडून वसूल करी. २०२० पासून वर्षाला एक लाख युरोंहून अधिक मिळकत असलेल्या मुलांकडूनच ते वसूल केले जाते. काहींना ही चौथ्या आज्ञेला दिलेली सूट वाटेल. पण अशा वसुलीच्या भीतीने कित्येक आईबाप सरकारी मदत मागतच नाहीत. लेकराला त्रास नको म्हणून गुपचूप अर्धपोटी राहायचे, हा आईबापांचा स्वभाव सगळीकडे सारखाच. मुलाच्या खांद्यावरचा बिलाचा भार उतरला तर तो आईला भेटायला येताना हिशेबाची वही घेऊन येणार नाही. भारतात २००७ चा कायदा आईबापांना मुलांकडून पोटगी मागण्याचा हक्क देतो, आणि तो हवाच. पण मुलाच्याच घरी चूल थंड असेल तर अधिकाऱ्याच्या आदेशाने भाकरी कोठून येणार?

मग कुटुंबाकडे काय उरते? जे विकत मिळत नाही ते उरते. पेन्शन सरकार देईल, पथ्याचे जेवण नर्स देईल. आजोबांची तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकणे, त्यांच्या जुन्या मित्राचे नाव आपल्याला माहीत असणे, त्यांच्या शेजारी बसून रोझरी म्हणणे, हे कोणत्याही निधीतून होत नाही. क्रुसावर टांगलेल्या प्रभूने आपली आई योहानाच्या हाती सोपवली. त्याने तिच्यासाठी नुसती सोय केली नाही, तिला मुलगा दिला आणि योहानाला आई दिली. रक्ताचे नाते नसतानाही ते घर झाले. बादान्ते आणि तिच्या म्हाताऱ्यामध्येही असे नाते जुळू शकते. परंतु त्यासाठी तिला योग्य पगार, आठवड्याची सुट्टी आणि तिच्या मुलांना भेटण्याची मुभा मिळाली पाहिजे. एरवी ती माया दुसऱ्याच्या लेकरांकडून चोरलेली असते.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. १९६० च्या दशकापासून केरळच्या कॅथोलिक मुली जर्मनीच्या इस्पितळांत सेवा करीत आल्या आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. आपल्या मुलीही उद्या परक्या आजी-आजोबांच्या उशाशी बसतील. त्यांना आनंदाने निरोप देऊ या, मात्र त्यांच्या मागे राहिलेल्या आईबापांच्या उशाशी कोण बसणार, हे धर्मग्राम म्हणून आधी ठरवू या. ‘आपल्याकडे कुटुंबव्यवस्था भक्कम आहे’ असे आपण अभिमानाने म्हणतो. ही व्यवस्था बहुतेक घरांत एका सुनेच्या दोन हातांवर उभी असते आणि त्या हातांना कोणी विचारलेले नसते, हेही तेवढेच खरे आहे.

तेव्हा ह्या आठवड्यात प्रत्येक वाडीने एक साधे काम करावे. आपल्या भागात एकटे राहणारे वृद्ध किती, मिस्साला येऊ न शकणारे किती, त्यांची काळजी घेणारे कोण आणि त्या काळजी घेणाऱ्याला महिन्यातून एक दिवस तरी विसावा मिळतो का, ह्याची यादी करावी. ज्या घरात असा विसावा नाही, तेथे शेजाऱ्यांनी पाळीपाळीने एक दुपार द्यावी. फ्रान्सने वर्षातला एक दिवस दिला. आपल्याला महिन्याची एक दुपार जड जाऊ नये.