जसा सापडला तसा

एखाद्या घरी अकस्मात मृत्यू घडला आणि गेलेला माणूस आधीपासून दुखणाईत असला, म्हणजे सांत्वनाला आलेल्यांपैकी कोणीतरी हलक्या आवाजात बोलून जाते : ‘तसे त्याचे काही खरे नव्हतेच.’ बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. दुःखाचा भार थोडा हलका व्हावा, एवढाच हेतू असतो. परंतु तो मृत्यू दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे ओढवला असेल, तर त्याच वाक्याचा अर्थ पालटतो. सांत्वनाचे शब्द मग बचावाचे शब्द होतात. दुबळ्या देहाला झालेली इजा ही कमी प्रतीची इजा असते काय? आणि त्याच्या जोडीदाराने जे गमावले, तेही कमीच मोजायचे काय?

हा प्रश्न न्यायासनापुढे अनेकदा आला आहे. इंग्लंडमधील एका लोखंडकामाच्या कारखान्यात 1950 साली एका कामगाराच्या खालच्या ओठावर वितळलेल्या धातूचा कण उडाला. जखम लहान होती. पण ती भरून येईना. तेथे कर्करोग उद्भवला आणि 1953 साली तो मरण पावला. पूर्वी त्याने कित्येक वर्षे गॅसच्या कारखान्यात डांबराच्या सान्निध्यात काम केले होते. रोगाचे बीज तेव्हाच देहात रुजले असावे, असे तज्ज्ञांच्या साक्षीतून दिसले. विधवेने मालकांवर दावा लावला. मालकांचे म्हणणे असे, की ओठ भाजेल हे आम्हांला कळायला हवे होते, हे मान्य. पण त्यातून कर्करोग होईल, हे कोणाच्या स्वप्नात तरी आले असते काय? ‘स्मिथ विरुद्ध लीच ब्रेन’ या नावाने कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या या खटल्यात सरन्यायाधीश लॉर्ड पार्कर यांनी तो युक्तिवाद फेटाळला. भाजण्याचा धोका ओळखता येण्याजोगा होता, तेवढे पुरेसे आहे. इजा करणाऱ्याने समोरचा माणूस जसा सापडेल तसाच स्वीकारला पाहिजे. कायद्याच्या परिभाषेत याला ‘पातळ कवटीचा नियम’ म्हणतात.

क्षणभराच्या चुकीसाठी आयुष्यभराचे ओझे, हा अन्याय नव्हे काय, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. पण दुसरी बाजू पाहावी. रस्त्यावर आणि कारखान्यात सारेच धडधाकट नसतात. मधुमेही असतात, हृदयविकाराचे असतात, ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत असे वृद्ध असतात. भरपाई केवळ कल्पित निरोगी माणसाच्या मापाने द्यायची ठरवली, तर उरलेले सारे नुकसान दुबळ्याच्याच पदरी पडते. आणि त्याने तर काहीच चूक केलेली नसते. दोघांपैकी एकाला भार सोसायचाच असेल, तर ज्याच्या हातून प्रमाद घडला त्याने तो सोसावा, हेच न्यायाला धरून आहे.

तथापि न्याय एकांगी नसतो. लॉर्ड पार्कर यांनी विधवेच्या बाजूने निर्णय दिला, पण तो कण उडाला नसता तरी हा रोग कदाचित झाला असता, हे लक्षात घेऊन भरपाईची रक्कम कमी केली. पातळ कवटी निराळी आणि आधीच ढासळू लागलेली कवटी निराळी. जे आपण मोडले त्याचे देणे द्यावे. जे मोडणारच होते त्याचे नव्हे. पण मोडणारच होते, हे म्हणायचे कोणी आणि कशावरून? 1996 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पाठीचे जुने दुखणे असलेल्या एका माणसाचे प्रकरण आले. दोन मोटार अपघातांनंतर व्यायाम करताना त्याच्या मणक्यांमधील चकती सरकली होती. खालच्या न्यायालयाने अपघातांचा वाटा चौथा हिस्सा धरून तेवढीच भरपाई दिली. वरच्या न्यायालयाने ती पूर्ण दिली. अपघात नसते तरी असे घडले असते, हे सिद्ध झालेले नव्हते. ‘तसे त्याचे काही खरे नव्हतेच’ हे वाक्य पुराव्यावाचून उच्चारण्याचा अधिकार कोणालाही नाही, असाच याचा आशय.

आता जोडीदाराकडे वळू. 1808 साली इंग्लंडमध्ये एक घोडागाडी उलटली. टपावर बसलेल्या जोडप्यापैकी पत्नी महिन्याभराने वारली. पतीच्या दाव्यात लॉर्ड एलेनबरो यांनी सांगितले, की माणसाचा मृत्यू हे दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगे नुकसान नव्हे. पत्नीच्या सहवासाला मुकल्याची भरपाई तिच्या मृत्यूच्या क्षणापर्यंतच मिळेल. म्हणजे दुःख जेथे खरे सुरू होते, तेथेच कायद्याची मोजणी थांबली! हा निवाडा नोंदवून ठेवणाऱ्या कॅम्पबेल यांच्याच नावाने ओळखला जाणारा 1846 चा कायदा पुढे मृताच्या कुटुंबीयांच्या मदतीला आला, आणि 1855 साली त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात झाला. तरीही 1952 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने एका जखमी कामगाराच्या पत्नीला सहवास हरपल्याबद्दल दाद मागण्याचा हक्क नाकारला. पतीला मात्र तो हक्क होता. कारण जुन्या समजुतीप्रमाणे पत्नी ही जवळजवळ त्याची सेवकच! 1982 साली इंग्लंडने पतीचाही हक्क रद्द केला. समता आली खरी, पण दोघांचेही हात रिकामे ठेवून.

आपल्याकडे मोटार अपघातातील मृत्यूच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2017 साली सहवास हरपल्याबद्दल 40,000 रुपये ठरवून दिले आणि दर तीन वर्षांनी त्यांत दहा टक्के वाढ सांगितली. 2018 साली मुलांचा आणि आईवडिलांचाही असा हक्क मान्य झाला. रक्कम ऐकून मन खिन्न होते. संसाराचे एवढेच मोल? परंतु ते मोल नव्हेच. काहीतरी हरपले आहे आणि ते कोणामुळे तरी हरपले आहे, याची ती कबुली आहे.

आजारी माणसाच्या जोडीदाराला या कबुलीची गरज अधिक असते. पत्नीने वर्षानुवर्षे पतीचे पथ्य सांभाळलेले असते, औषधांच्या वेळा पाळलेल्या असतात, रात्री उठून त्याच्या श्वासाचा कानोसा घेतलेला असतो. लोकांना वाटते, ती सुटली. पण ज्याला इतके जपले, तो परक्याच्या बेपर्वाईने जावा, हे दुःख दुप्पट असते. वेदीसमोर आपण आरोग्यात आणि आजारपणात एकमेकांना साथ देण्याचे वचन देतो. न्यायालयाने अपराध्यावर जे बंधन घातले, ते जोडीदाराने आधीच स्वखुशीने पत्करलेले असते : माणूस जसा आहे तसा स्वीकारायचा. त्याचे उरलेले आयुष्य थोडे असेलही. म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही.

यापुढे अशा घरी सांत्वनाला गेल्यावर ते वाक्य ओठांवर आलेच, तर ते गिळून टाकावे. त्या माऊलीजवळ थोडा वेळ नुसते बसून राहावे.