दारावरची टकटक

माझ्या सासूबाईंना, माईंना, पक्षाघात झाल्यापासून रोज सकाळी अर्धा तास कौन्सिलकडून केअरर येते. दाराबाहेर किल्लीची छोटी पेटी आहे. आकडे जुळवले की उघडते. म्हणजे घरात यायला तिला कुणाला विचारावं लागत नाही. तरीही ती माईंच्या खोलीवर टकटक करते आणि आतून ‘कम इन’ ऐकल्याशिवाय पाऊल टाकत नाही. मला गंमतच वाटायची. दार तर सताड उघडं असायचं!

एकदा अंग पुसण्यापूर्वी तिने माझ्यादेखत माईंना विचारलं, “सूनबाई खोलीत थांबल्या तर चालेल ना?” माईंनी हळूच मान हलवली. नाही म्हणून. मला फार लागलं. रात्री तीनदा उठते ती मी, आणि ही घानाची मुलगी जवळची?

पुढे चहा घेताना तिने सांगितलं की इथे २०१५ साली केअर सर्टिफिकेट सुरू झालं, त्यातला सातवा धडाच मुळी खाजगीपणा आणि सन्मान यांवर आहे. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी टॉवेलखाली. माणसाची माहिती चारचौघांत बोलायची नाही.

हे ऐकून मी गप्प झाले. मागच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत कुणी चौकशी केली आणि मी सगळं सांगून टाकलं होतं, अगदी रात्रीच्या पॅडपर्यंत. काळजीपोटीच सांगितलं हो! पण माई मागेच चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यानंतर त्या देवळात आल्या नाहीत. “थंडी वाजते,” म्हणाल्या. सप्टेंबरात!

आपण म्हणतो, आपल्या माणसांत कसली आलीय लाज? मला आता उलटं वाटतं. केअरर अर्ध्या तासाने निघून जाते. आपली माणसं मात्र पाहिलेलं लक्षात ठेवतात, आणि ज्या सुनेला एकेकाळी रागावलो तिच्याच हाती अंग द्यायचं, हे सोपं नसणार. अर्थात शेजारच्या इंग्रज आजींचं बंद दारही मला नको वाटतं. त्यांच्याकडे टकटक करायलाही कुणी येत नाही.

अंघोळीवरूनही आमचा वाद व्हायचा. माई नको म्हणाल्या की मी हट्ट धरायची. इंग्लंड-वेल्समधला २००५ चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट सांगतो की एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा वाटला नाही, एवढ्यावरून त्याला निर्णयच घेता येत नाही असं धरू नये. केअरर ‘आज नको म्हणाल्या’ असं वहीत लिहून मोकळी होते. मला ते अजून जमत नाही. त्वचेला जखमा झाल्या तर? कुठे ऐकायचं आणि कुठे आग्रह धरायचा, हे रोज नव्याने ठरवावं लागतं.

यंदा गणपतीला देवळात येणार का, हे विचारायला गेले तेव्हा दार उघडंच होतं. मी टकटक केली. बराच वेळ काही आवाज नाही. मग माई म्हणाल्या, “थांब जरा, शाल घेते.”

एका हाताने शाल घ्यायला त्यांना वेळ लागतो. मी बाहेरच थांबले.